फुफ्फुसाचे ऑपरेशन आणि त्याआधीचे दिवस

फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाला आधी तयार करायचे, ही रीत जेमतेम शंभर वर्षांची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तयारी असायची ती खोलीची आणि यंत्राची. रुग्णाच्या वाट्याला फक्त टेबलावर पडून राहणे येई. याचे कारण शरीररचनेतच होते. छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, आणि म्हणूनच फुफ्फुस फुललेले राहते. बरगड्यांमधून मोठी वाट मिळाली की हवा आत घुसते, त्या बाजूचे फुफ्फुस आक्रसते, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या दुसरीकडे ढकलल्या जातात आणि धड फुफ्फुसाचेही काम अडते. पोट उघडून आतडी शिवणारे शल्यविशारद छातीपाशी येऊन थांबत ते यामुळे.

फर्डिनंड झाउअरब्रुख या जर्मन शल्यविशारदाने १९०४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे यावर एक अजब तोडगा काढला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. त्याने एक हवाबंद खोली बांधली आणि तिच्यातली हवा थोडी काढून दाब कमी केला. रुग्णाचे धड खोलीत, डोके बाहेर, मानेभोवती रबरी पट्टा. शल्यविशारद आणि त्याचे मदतनीस आत कोंडलेले, भूल देणारा बाहेर. कल्पना शास्त्रशुद्ध होती, पण व्यवहारात गैरसोयीची. न्यूयॉर्कमध्ये मेल्ट्झर आणि आउअर यांनी १९०९ मध्ये श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा सोडण्याची पद्धत दाखवून दिली, आणि पुढे तिच्यातूनच आजची भूल विकसित झाली. हवाबंद खोली इतिहासजमा झाली.

रुग्णाची तयारी हा वैद्यकीय विचाराचा विषय झाला तो कर्करोगामुळे नव्हे, तर युद्धछावण्यांतल्या एका साथीमुळे. १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत न्यूमोनिया पसरला आणि त्यामागोमाग छातीत पू साचण्याचा आजार, म्हणजे एम्पायमा. प्रचलित उपाय एकच होता: छाती लवकर उघडून पू काढायचा. तिसऱ्या हिश्श्याएवढे रुग्ण दगावू लागले, तेव्हा सैन्याने एक आयोग नेमला. त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचा तरुण शल्यविशारद होता. आजाराच्या पहिल्या दिवसांत पू पातळ असतो आणि फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले नसते. अशा वेळी छाती उघडली की हवा शिरून रुग्णाचा जीवच जातो, हे आयोगाने दाखवून दिले. सुईने पू ओढून घ्यावा, तो दाट होईपर्यंत थांबावे आणि त्या काळात रुग्णाला भरपूर खायला घालावे, असा आयोगाचा सल्ला होता. मृत्यूचे प्रमाण एक आकडी झाले. थांबणे आणि खाऊ घालणे हाही शल्यक्रियेचाच भाग आहे, हे छातीच्या बाबतीत प्रथम इथे सिद्ध झाले. ऑपरेशन जितके लवकर तितके चांगले या समजाला धक्का बसला, तरी तो समज आजही पुरता गेलेला नाही.

त्याच ग्रॅहमने ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुई येथील बार्न्स रुग्णालयात डॉ. जेम्स गिलमोर या पिट्सबर्गच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच बैठकीत काढले. कर्करोगासाठी असे करून रुग्ण वाचल्याची ही पहिली घटना. गिलमोर यांचे वय पन्नाशीच्या आत होते. निदान कळल्यावर ते काही दिवस गावी जाऊन आले. या रजेत त्यांनी दोन कामे केली, असे या शस्त्रक्रियेच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते: दंतवैद्याकडून किडलेले दात भरून घेतले आणि दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. एकाच माणसाने एकाच आठवड्यात पुढच्या वीस वर्षांच्या चावण्याची आणि पुढच्याच महिन्यातल्या मरणाची सोय करून ठेवली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मनःस्थितीवर पुढे पुष्कळ प्रबंध लिहिले गेले, पण त्या मनाचे दुहेरीपण इतक्या नेमकेपणाने दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

ठरले होते ते फुफ्फुसाचा एकच खंड काढायचे. छाती उघडल्यावर गाठ पलीकडच्या खंडाच्या वाटेवर पसरलेली दिसली. अख्खे फुफ्फुस काढावे तर तशा शस्त्रक्रियेतून वाचलेला कर्करोगाचा एकही रुग्ण तोवर नोंदला गेलेला नव्हता. गिलमोर यांचे डॉक्टरमित्र सिडनी चाल्फंट शस्त्रक्रियागृहात हजर होते; ग्रॅहम यांनी त्यांना विचारले, आणि मित्राच्या होकारावर पुढे गेले. रिकामी झालेली पोकळी भरून यावी म्हणून सात बरगड्याही काढाव्या लागल्या. गिलमोर यांना अडीच महिन्यांच्या आसपास रुग्णालयात राहावे लागले. नंतर ते पुन्हा व्यवसाय करू लागले आणि पुढे तीस वर्षे जगले. ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कर्करोगाने गेले. स्वतः सिगारेट ओढणाऱ्या आणि तंबाखूवरचा आरोप सुरुवातीला उडवून लावणाऱ्या या शल्यविशारदाने १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याबरोबर तंबाखू आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतर त्यांनी सिगारेट सोडली, पण फार उशीर झाला होता.

त्या काळच्या शारीरिक तयारीचा मोठा भाग क्षयरोगाच्या दवाखान्यांतून उसना आलेला होता. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छातीत मुद्दाम हवा भरून क्षयी फुफ्फुस मिटवून ठेवण्याचा उपचार रूढ केला होता. फुफ्फुस काढू पाहणाऱ्यांनी तीच युक्ती तयारीसाठी वापरली. ऑपरेशनच्या आधी काही दिवस सुईने थोडी थोडी हवा भरायची, म्हणजे एका फुफ्फुसावर जगण्याची शरीराला सवय होते. दुसरी अडचण पुवाची होती. सडक्या फुफ्फुसातला पू आणि बेडका भुलीखाली वाहून चांगल्या बाजूला गेला तर रुग्ण स्वतःच्याच कफात गुदमरे. म्हणून खाटेचा पायथा उंचावून, डोके खाली करून, रोज ठरावीक वेळ कफ गाळून काढायचा. विल्यम ईवर्ट यांनी १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ही पद्धत मांडली होती. दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळी हवा पुरवणारी दुहेरी नळी एरिक कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये तयार केली, तेव्हा कुठे पुवाची ती भीती कमी झाली.

क्षयाच्या आरोग्यधामांत तयारी म्हणजे पडून राहणे. पाचगणीचे बेल-एअर हे आरोग्यधाम डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केले, मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचे आरोग्यधाम उभे राहिले. थंड कोरडी हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती हा तिथला मंत्र होता. भारतात छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस डॉ. रीव्ह बेट्स यांनी वेल्लोरला उभारला. तिथेही बहुतेक रुग्ण क्षयाचेच होते. क्षयाची ही सावली अजून हटलेली नाही: आज महाराष्ट्रात फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या किती तरी रुग्णांना आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. खोकला, बारीक ताप, वजन उतरणे आणि एक्स-रेवरचा डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो, आणि डॉक्टरच्या डोळ्यांपुढे आधी येतो तो क्षय. शस्त्रक्रियेच्या टप्प्याचा आजार यात हातातून निसटतो.

पडून राहण्याऐवजी कसरत करावी, हा विचार इंग्लंडमध्ये रुजला. पहिल्या महायुद्धात छातीला गोळी लागलेल्या सैनिकांना लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात कॉर्टलँड मॅकमॅहन यांनी श्वासाचे व्यायाम शिकवले. १९१५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही. मॅकमॅहन यांचा पिंड मुळात वाचादोषांवर उपचार करणाऱ्याचा. त्यामुळे श्वास हा शिकवता येतो, हे त्यांना ठाऊक होते. १९३४ मध्ये ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन यांनी हेच काम छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी पद्धतशीर सुरू केले. रुग्णाच्या बरगड्यांच्या एका भागावर तळहात ठेवायचा आणि ‘इथे श्वास घ्या, माझा हात ढकला’ अशा तऱ्हेने सांगायचे. छातीचा नेमका तेवढाच भाग फुलवायला माणसाला जमते. लिंटन यांचे वेगळेपण असे की हे धडे ऑपरेशनच्या आधी सुरू होत. टाके पडल्यावर, बरगड्या ठणकत असताना, नळ्या लावलेल्या अवस्थेत नवे काही शिकता येत नाही. आधी शिकलेलेच तेव्हा कामी येते. खोकताना जखमेवर उशी दाबून धरण्याचा फिजिओथेरपिस्टचा आजचा सल्लाही याच शिकवणुकीतला.

रुग्णालयांत आज सर्रास दिसणारे तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र मात्र बरेच नंतरचे. रॉबर्ट बार्टलेट या अमेरिकी शल्यविशारदाने सत्तरीच्या दशकात दीर्घ श्वासाला उत्तेजन देणारी साधने पुढे आणली. इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटर हे त्यांचे नाव. तीन उभ्या नळ्यांत तीन हलके गोळे असतात. श्वास आत ओढण्याचा वेग सेकंदाला ६०० घनसेंटिमीटर झाला की पहिला गोळा उचलला जातो, ९०० ला दुसरा, १२०० ला तिसरा. गोळे वर ठेवून धरणे महत्त्वाचे, झटक्यात आपटणे नव्हे. नव्या रुग्णांपैकी पुष्कळजण यंत्रात फुंकर मारतात, गोळे जागचे हलत नाहीत आणि यंत्रच बिघडल्याची तक्रार होते. मग फिजिओ शेजारी बसून यंत्र उलटे धरते: आता फुंकूनही गोळे हलतात, पण तो व्यायाम चुकीचा. ओढायचे आहे, फुंकायचे नाही, एवढे समजायला एक सकाळ जाते. एकट्या या यंत्राने गुंतागुंत कमी होते का, याबद्दल चाचण्यांचा कौल डळमळीत आहे. लवकर उठवून चालवणे आणि खोकायला लावणे यांच्या जोडीला ते उपयोगी पडते, एवढे म्हणता येते.

रुग्णाचे किती फुफ्फुस काढले तर तो उरलेल्यावर जगेल, हा प्रश्न मोजमापाचा आहे. श्वास मोजण्याचे यंत्र जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये १८४६ मध्ये जगापुढे ठेवले होते. दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास त्यांनी मोजला. त्यांत खलाशी होते, पोलिस होते, मुष्टियोद्धेही होते. यंत्राचा उपयोग आयुर्विम्याला होईल, असे हचिन्सन यांना वाटत होते. शल्यविशारदांच्या टेबलापर्यंत ते यायला शंभर वर्षे लागली. फ्रान्सच्या तिफनो यांनी १९४७ मध्ये पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते हे मोजायला सांगितले, आणि ‘पीएफटी’च्या, म्हणजे फुफ्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीच्या, कागदावरचा तो आकडा ऑपरेशनचा निकाल ठरवू लागला. पुढे ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण मर्यादा आल्या: एक खंड काढायचा तर पहिल्या सेकंदाला दीड लिटर, अख्खे फुफ्फुस काढायचे तर दोन लिटर.

त्याहून जुनी कसोटी जिन्याची. शल्यविशारद रुग्णाबरोबर स्वतः जिना चढत आणि तो कुठे थांबतो, किती धापा टाकतो, ओठ निळे पडतात का, हे पाहत. पुढे मजल्यांऐवजी उंची मोजू लागले. सध्याच्या अमेरिकी सूचनांत २२ मीटर चढता न येणाऱ्याची पुढची सविस्तर तपासणी करावी असे म्हटले आहे. म्हणजे साधारण सात मजले. परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने ही परीक्षा अर्ध्याहून कमी का होईना, रोज दिलेली असते, आणि ‘जिना चढताना आता मध्ये थांबावे लागते’ हे वाक्य चांगल्या डॉक्टरला कागदावरच्या आकड्याइतकेच सांगून जाते. ऐंशीच्या दशकापासून सायकल चालवायला लावून शरीर किती प्राणवायू वापरते हेही मोजले जाते. किलोला मिनिटास २० मिलिलिटरच्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार सोडलेला बरा.

तंबाखूचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. इंग्लंडचे भूलतज्ज्ञ एच. जे. व्ही. मॉर्टन यांनी १९४४ मध्ये दाखवले की पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर धूम्रपान करणाऱ्यांना छातीचे विकार सुमारे सहापट अधिक होतात. कर्करोगाशी संबंध सिद्ध होण्याच्या आधीची ही गोष्ट. तरीही शस्त्रक्रियेआधी सिगारेट सोडायला लावण्याचा आग्रह कित्येक वर्षे ढिलाच राहिला. १९८९ मध्ये मेयो क्लिनिकच्या वॉर्नर यांनी हृदयाच्या बायपास रुग्णांवरचा अभ्यास मांडला. फायदा दिसायला आठ आठवडे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातून एक उलटाच समज पसरला: ऑपरेशनच्या तोंडावर सिगारेट सोडली तर कफ वाढतो, म्हणून न सोडलेली बरी. विडी ओढणाऱ्याला हे ऐकायला गोडच वाटणार. २०११ मध्ये नऊ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उशिरा सोडल्याने धोका वाढतो याला पुरावा मिळाला नाही. आता निदान चार आठवडे आधी सोडावी असे सांगतात, आणि चार आठवडे हातात नसतील तर आजच.

मनाच्या तयारीचा प्रवास याहून वाकडा आहे, आणि शरीराची तयारी इतकी रखडली त्याचे कारण इथेच सापडते. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल भीतीला शारीरिक इजा मानत. गळ्याच्या ग्रंथीच्या अतिसंवेदनशील रुग्णांसाठी त्यांनी एक डाव रचला. रोज रुग्णाच्या खोलीत जाऊन नाकावर मुखवटा धरायचा, काही तरी हुंगवायचे, आणि निघून जायचे. एके दिवशी त्यात खरी भूल असे, आणि रुग्ण जागा होई तो ऑपरेशन होऊन गेल्यावर. ग्रंथी ‘चोरणे’ असेच त्याला म्हणत. रुग्णाला भीतीपासून वाचवण्याचा मार्ग म्हणजे त्याला काही कळू न देणे, हा त्यामागचा विचार पुढची पन्नास वर्षे टिकला.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण राजवाड्यात घडले. २३ सप्टेंबर १९५१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रियागृह उभारून क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी राजे सहावे जॉर्ज यांचे डावे फुफ्फुस काढले. जाहीर पत्रकात फुफ्फुसातील रचनात्मक बदल एवढाच उल्लेख होता. खुद्द राजांनाही कर्करोगाचे नाव सांगितले गेले नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. राजाच्या वाट्याला जे आले तेच सामान्य रुग्णांच्या. १९६१ मध्ये शिकागोतील २१९ डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगण्याच्या विरोधात निघाले. १९७९ मध्ये अशीच पाहणी पुन्हा झाली आणि ९७ टक्के सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत एखाद्या व्यवसायाचा शिरस्ता इतका पालटल्याची उदाहरणे थोडी.

मधल्या काळात भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांचा एक छोटा पण मोलाचा प्रयोग बोस्टनमध्ये झाला होता. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रुग्ण होते. निम्म्यांना आदल्या दिवशी नीट सांगितले गेले: कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, कूस कशी बदलायची, श्वास कसा घ्यायचा, स्नायू सैल कसे सोडायचे. कोणाला सांगितले ते शल्यविशारदांना माहीत नव्हते. सांगितलेल्या रुग्णांना वेदनाशामक औषध निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. भीती कमी करायला भुलीची सुई नव्हे तर माहिती उपयोगी पडली. आणि हे रोगाच्या नावाबद्दलही खरे आहे. आपल्याला ‘फुफ्फुसात जरा पाणी झालंय’ असे समजणारा माणूस पहाटे उठून जिने का चढेल, चाळीस वर्षांची विडी का सोडेल? लपवाछपवी आणि शारीरिक तयारी एकत्र नांदू शकत नाहीत.

आपल्याकडे हा तिढा अजून सुटलेला नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या नावानेच कित्येक घरांत निदान न सांगता कळते. तरीही मुलगा किंवा पुतण्या डॉक्टरांच्या खोलीत मागे रेंगाळतो आणि हळूच म्हणतो, ‘डॉक्टर, अण्णांना सांगू नका, ते खचतील.’ हेतू प्रेमाचाच असतो. कायदा मात्र दुसऱ्या बाजूला आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात स्पष्ट केले की रुग्ण शुद्धीवर नसताना, जिवावरचा प्रसंग नसेल तर, नातेवाइकाच्या होकारावर ठरल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया करता येत नाही. त्या प्रकरणात होकार आईने दिला होता. या कसोटीवर १९३३ मधला चाल्फंट यांचा होकार टिकला नसता, आणि गिलमोर यांची तीस वर्षेही कदाचित हुकली असती. आता संमतिपत्रातच लिहून घेतात: आत गेल्यावर गाठ पसरलेली दिसली तर अधिक भाग काढावा लागेल. म्हणजे ती वाईट शक्यता रुग्णासमोर आधीच बोलावी लागते.

खाण्यापिण्याचा नियमही पालटला. क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली यांनी १९३६ मध्ये पोटाच्या व्रणाच्या रुग्णांत पाहिले की एकपंचमांशापेक्षा जास्त वजन घटलेल्यांपैकी एकतृतीयांश दगावले, बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. फुफ्फुसाच्या कर्करोगात वजन झपाट्याने उतरते, म्हणून डाळ, अंडी, दूध वाढवण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळतो. उलट आदल्या रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नाही, हा दंडक ढिला झाला आहे. साधे पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो.

हे सारे धागे एकत्र आले ते डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी नव्वदच्या दशकात मांडलेल्या जलद सुधारणेच्या कार्यक्रमातून आणि मॉन्ट्रियलच्या फ्रान्चेस्को कार्ली यांनी पुढे आणलेल्या पूर्वसिद्धतेच्या कल्पनेतून. चालणे, ताकदीचे व्यायाम, प्रथिने आणि मनाला धीर हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधीच. २०१७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगातील पाच चाचण्यांचा आढावा घेतला गेला. त्यांत रुग्ण अवघे १६७ होते. शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम केलेल्यांत फुफ्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका ६७ टक्क्यांनी कमी निघाला, मात्र पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे आढावाकारांनीच नोंदवले. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत समुपदेशन, तंबाखूबंदी आणि फुफ्फुसाची क्षमता काठावर असलेल्यांसाठी पूर्वव्यायाम आला. सरसकट झोपेचे औषध देऊन भीती दाबण्याची जुनी प्रथा वगळण्यात आली. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ऑपरेशनची तारीख मिळायला काही आठवडे जातात, आणि पूर्वी नुसती वाट पाहण्यात जाणारा तो काळच आता फिजिओथेरपिस्ट व्यायामासाठी मागून घेतात.